अकरा फेरे

सावियोची गाडी उद्यमबागेत आली ती पोट घासत.
माझ्या दारातला उंचवटासुद्धा तिने ओरडून मोजला.
चार वर्षं चोर्ल्याच्या घाटातून खाली गोव्याला, परत वर,
लाल माती आणि खारा वारा
सस्पेन्शनच्या आट्यांत एकत्र थापलेला.

"बावीस मिलीमीटर उचलून दे, लुमाण्णा.
रविवारी खानापुरात लग्न आहे, तीन मजली केक.
मागच्या खेपेला लविनाने नेला तर
वरचा मजला नवरानवरीसकट खाली बसला."

बावीस म्हणजे, दोन मिलीमीटरचा आटा धरून, अकरा फेरे.
कागदावर एवढंच काम.

चाक काढलं. खालची रिंग कुलपाची,
वरच्या रिंगला अशी चिकटलेली
की दोन आहेत हे नखाने शोधावं लागलं.
तारेचा ब्रश मारला तसा पांढरा भुगा सांडला,
अ‍ॅल्युमिनियमचा, पिठीसाखरेसारखा.
मग तेल.
मग काही नाही.
काही न करणं हेही कामच,
फक्त त्याचं बिल लावता येत नाही.

बाजारातल्या पान्याचं नाक पहिल्याच जोराला वाकलं.
शेजारच्या लेथवरून दुंडाप्पा आला,
ट्रकच्या पाट्यातून स्वतः घडवलेला आकडा घेऊन,
आणि माझ्या हाताकडे बघून म्हणाला,
"तडी, तडी. अवसर माडबेड."
"हातोडा मारूलो नाही बे, नुसता धरूलोय!"
तो कन्नडात, मी मराठीत,
सव्वीस वर्षं आमचं असंच चाललंय.
रिंगने दोघांचंही ऐकलं नाही.

मग गरम हवा. बेताची,
फार तापवलं तर आतल्या सीलला चटका बसतो.
कडं जरा जास्त पसरतं, आतली नळी जरा कमी,
त्या केसाएवढ्या भांडणात तेल शिरतं.
पितळी दांड्याने चारी बाजूंनी टिचक्या,
दार ठोठावावं पण घरच्यांना जाग येऊ नये, तशा.

पहिली सुटली ती तुटल्यासारखा आवाज करून.
सावियोने डोळेच मिटले.
तुटलेलं नव्हतं काही,
माझ्या मनगटाला ते कळलं, कानाला नंतर.

शनिवारी रात्रीपर्यंत तीन चाकं झाली.
मागचं डावं नाही.
तीन पायांवर उंच, एका पायावर बुटकी
अशी गाडी मी रस्त्यावर सोडत नाही,
लग्न कुणाचंही असो.
सावियो काही बोलला नाही. ते जास्त लागलं.

तर रविवारी पहाटे केक माझ्या जुन्या ओम्नीत.
मागे लविना, खोक्याला दोन्ही हातांनी कवटाळून,
पुढे मी, धुतलेल्या हातांना अजून तेलाचा वास.
पिरनवाडी, मच्छे, पुढे सगळं झोपलेलं,
प्रत्येक गतिरोधकावर मी गाडी
अर्ध्या अर्ध्या आट्याने सरकवली.
मागून दुधाच्या टेंपोने भोंगा वाजवला, शिव्या दिल्या.
लविना म्हणाली, "देऊ दे."
खानापुरात खोकं उघडलं.
वरच्या मजल्यावर साखरेचं एक फूल कलंडलं होतं.
तिने ते बोटाने उचलून माझ्या हातावर ठेवलं,
"हे तुझं बिल."

संध्याकाळी परत आलो.
मागचं डावं रात्रीपासून तेल पीत बसलेलं.
आकडा खाचेत घातला.
अंग टाकलं नाही, नुसता हात ठेवला,
आणि रिंग
काही झालंच नाही अशी फिरली.

"हलूलंय की बे!" मी ओरडलो.
दुंडाप्पा लेथ बंद करून धावत आला, उकिडवा बसला.
कुलूप खाली, मग वरची, सावकाश,
खाच परत समोर आली की एक.
तो कन्नडात मोजत होता, मी मराठीत.
तो "हन्नोंदु" म्हणाला तेव्हा मी दहावर होतो.

पट्टी लावून पाहिली.
त्याचं बरोबर होतं.